आगम्मा

मला घाबरायला कारण लागत नाही, आणि त्या शनिवारी तर चांगली दोन कारणं होती. विद्यानगरातल्या टायपिंगच्या दुकानात सरांनी "महिनाभर बघतो, मग ठरवतो" म्हटलं होतं, तो महिना संपत होता. आणि संध्याकाळी बाबा नांदेडहून येणार होते. सरांनी ठेवून घेतलं तर मलकपेठेत मावशीकडं राहायचं, नाहीतर बाबांबरोबर गावी परत. गावी एक स्थळ वाट बघत बसलंच होतं. मी त्याचा फोटो पाहिला नव्हता, पाहायचाही नव्हता. तेव्हा हैदराबादेत गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या आणि ज्याला त्याला अमेरिकेला जायचं होतं. मला फक्त मलकपेठेत राहायचं होतं.

सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मशीन अटक गया तो कंट्रोल, आल्ट, डिलीट. एक बार. दो बार नक्को, सब जाता." एकदा दाबलं की यादी येते, त्यात अडकलेला प्रोग्रॅम निवडून बंद करायचा. मी हे मंत्रासारखं पाठ केलं होतं, तरी त्या बटनांना बोट लावायला मी धजत नव्हते.

त्या दुपारी सर आणखी कागद आणायला गेले होते. माझ्या मागं एक तेलुगू मॅडम बसल्या होत्या. त्यांच्या थिसिसचा शेवटचा चॅप्टर पाचच्या आत युनिव्हर्सिटीत द्यायचा होता. तीनच्या सुमाराला मेनूत माझ्या हातून भलतंच काहीतरी दाबलं गेलं आणि वरच्या पट्ट्या, खालचं स्टार्ट, कोपऱ्यातली फुली, सगळं गडप! पडदाभर नुसतं पांढरं पान. आज शेंबडं पोरही सांगेल की बाई, ही फुल स्क्रीन आहे, एस्केप दाब. मला कोण सांगणार? मी आपली दिसेल ते बटन दाबत सुटले. मग बाणाचं वाळूचं घड्याळ झालं आणि ते काही हलेना. तीन बटनं दाबली, एकदाच. यादी येईना. सहा पानं टाइप झाली होती आणि सेव्ह केलं होतं ते पहिल्या पानावर.

मी पुन्हा त्या बटनांकडं हात नेला, तेवढ्यात मागून मॅडम ओरडल्या, "आगम्मा! आगम्मा!"

आग! अम्मा! मला एवढंच ऐकू आलं. मॉनिटर दुपारपासून तापलेला, वरच्या धुळीचा करपट वास येतच होता. अगं माय, म्हणत मी टेबलाखाली शिरले आणि भिंतीतली पिनच उपटली.

धूर नाही, जाळ नाही. मॅडम कपाळाला हात लावून उभ्या. तेलुगूत आगम्मा म्हणजे थांब गं बाई. मशीन विचार करतंय, जरा दम धर, एवढंच त्यांना सांगायचं होतं. थोरामोठ्यांना आगंडी म्हणायचं, तुला आगम्मा, हेही त्यांनीच मला तिथं उभ्या उभ्या शिकवलं. आगीतून फुफाट्यात म्हणतात; इथं तर आगसुद्धा नव्हती. मला रडू फुटलं.

"रोना बाद में," त्या म्हणाल्या आणि हातानं लिहिलेले कागद उचलून वाचायलाच लागल्या. मी टाइप करत गेले. दर ओळीला सेव्ह. डोळा भिंतीवरच्या घड्याळावर. पाचाला वीस कमी असताना शेवटचं पान निघालं.

त्या निघाल्या तेव्हा सर दारातच भेटले. "करंट गया था सर, देर हो गई," असं सांगून त्या पळाल्या. सरांनी माझ्याकडं पाहिलं. नुसतं हौ म्हटलं असतं तरी मिटलं असतं. पण खोटं बोलताना माझं ततपप होतं, ते पकडले जाण्यापेक्षा वाईट.

"करंट नाही गेला सर. मीच पिन काढली. आग लागली असं वाटलं." झाला प्रकार मी सगळा सांगितला, तेलुगू शब्दासकट.

सरांनी वाकून टेबलाखालची पिन बघितली. गेली नोकरी, मी मनात म्हटलं. मग ते असे हसले की चष्मा काढून डोळे पुसले. "सोमवार से दस बजे आना, आगम्मा. और पहले थोडा तेलुगू सीख."

तेवढ्यात बाबा आले. माझे कपडे भरून न्यायला रिकामी पिशवी आणली होती. "चल लेकरा, सहाची बस हाय."

मी येत नाही, असं बाबांना तोंडावर म्हणायची माझी छाती नव्हती. तोंडातून निघालं, "बाबा, आगंडी."

"आग?" पिशवी टाकून ते आत धावले. "कुठं लागली?"

"आग नाही बाबा. थांबा म्हटलं."

"किती येळ?"

"तुम्ही दोन मिनटं," मी म्हणाले. "मी इथंच."

बाबांनी खाली पडलेली पिशवी उचलली, झटकली आणि तिची घडी घातली.