पहिल्या रांगेतला कापूस

परवा कशेळ्यात एका लग्नात एका म्हाताऱ्याने माझ्या मनगटाला हिना अत्तर लावलं आणि मला कर्जतची ती दुपार आठवली. तिथल्या लहानशा नाट्यगृहात आम्ही कॉलेजच्या मुलांनी रॉक संगीतिका केली होती. नेपथ्य नाही, अभिनय नाही. सगळे माइकपुढे उभे राहून गाणार आणि मागे मी ड्रमवर. दादा, म्हणजे माझे वडील, भाताची झोडणी टाकून पहिल्या रांगेत येऊन बसले होते. त्यांच्या कानात पांढरा कापूस दिसला. गोंगाट नको म्हणून बोळे घालून आलेत, असं मी धरून चाललो आणि उरलेली गाणी रागानेच बडवली.

परतताना शेअर जीपमध्ये हिनाचा वास भरला होता. कुणीतरी लग्नाहून आलं असेल, असं वाटलं.

"लय छान वाजवलंस रं," दादा म्हणाले.

"ऐकू आलं का?" मी खोचकपणे विचारलं.

"आलं की. नाय यायला काय झालं?"



परवा त्या म्हाताऱ्याने अत्तरात भिजवलेला पांढऱ्या कापसाचा फाया पुढे केला आणि कानाकडे बोट दाखवलं. मी तो कानात ठेवला. सनई, पंगतीतली बोलणी, सगळं नीट ऐकू येत होतं.