सव्वानऊ ते दीड

रुग्णालयात दर बुधवारी दुपारी एक बैठक असे. आठवड्याभरात कोण गेलं, का गेलं, कुठं चुकलं, हे डॉक्टर आपापसांत बोलत. पडद्यावर एकेक स्लाइड येई. त्या स्लाइड तिसऱ्या मजल्यावर बसणाऱ्या रेघाबाई करत.

हे नाव डॉक्टरांनीच ठेवलं होतं. बाई टायपिस्ट म्हणून लागल्या होत्या आणि माउसशी त्यांचं कधी जमलं नाही. त्या साध्या मजकुराच्या फाइलमध्येच लिहीत. शीर्षकाआधी एक खूण, मुद्द्याआधी एक खूण, आणि स्लाइड संपली की एका ओळीत तीन आडव्या रेघा. शेवटी एक आज्ञा दिली की अख्खी फाइल स्लाइड होऊन बाहेर पडे. बाकीचे चौकटी सरकवत बसत, तोवर बाईंचा चहा पिऊन झालेला असे.

"रेघाबाई, अक्षरं जरा उडत येऊ द्यात की," एकदा भूलतज्ज्ञ म्हणाले होते.

"माणूस गेलाय, डॉक्टर. अक्षरं कशाला उडवायची?"

भूलतज्ज्ञ ओशाळून हसले होते.

त्या सोमवारी बाई पाच दिवसांच्या रजेनंतर कामावर आल्या. धाकटा भाऊ गेला, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. कुठं गेला ते कुणी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

पहिलीच फाइल छोट्या डॉक्टरची होती. ती नुकतीच लागलेली, अजून सगळं खरं लिहिणारी मुलगी. मजकुरात नाव नव्हतं, कधीच नसे. पुरुष, वय बावन्न. पोटात असह्य दुखणं. खाट क्रमांक सात. आगमन सकाळी सव्वानऊ. मृत्यू दुपारी दोन दहा.

बाईंनी नेहमीसारख्या रेघा मारायला घेतल्या. एक वेळ, एक स्लाइड, ही त्यांची पद्धत. चौथ्या स्लाइडवर त्या थांबल्या.

*सव्वानऊ ते दीड. सर्जनना तीन वेळा फोन. कोणी आले नाही.*

सव्वानऊ ते दीड बाई इथंच होत्या. याच खुर्चीवर. भाऊ दोन मजले खाली होता आणि त्यांना पत्ता नव्हता. भावजयीचा फोन गडबडीत घरी राहिला होता. नवऱ्याला एकट्याला सोडून वर कसं यायचं, म्हणून ती खाटेपाशीच बसून राहिली. बाईंना कळलं तेव्हा सगळं आटपलं होतं.

बाईंनी वर आणि खाली तीन-तीन रेघा मारल्या. रडू येईल असं त्यांना वाटलं. आलं नाही.

मंगळवारी रुग्णालयाचे प्रमुख, मोठे डॉक्टर, स्वतः वर आले. खुर्चीमागं उभे राहून त्यांनी फाइल वाचली.

"ही चौथी ओळ काढा, बाई. उगाच वाद होतात. आणि शेवटी कारण लिहा, घरून उशिरा आणले. ते खरंच आहे, पाऊण तास घालवला त्यांनी."

"हो," बाई म्हणाल्या.

पाऊण तास खरा होता. भाऊ घामानं चिंब झाला होता. भावजयीनं त्याचा शर्ट बदलला, कागद शोधले, मग रिक्षा मिळेना. तेव्हापासून तिची मुलगी तिच्याशी बोलत नव्हती. सोळा वर्षांची पोर. 'तू शर्ट बदलत बसलीस' एवढं म्हणाली आणि गप्प झाली. एका ताटात जेवणाऱ्या मायलेकी आता एकमेकींना बघून खोली बदलत. भावजय बाईंना म्हणाली होती, "ताई, तुम्ही तिथंच काम करता. माझ्यामुळं झालं का, एवढं बघून सांगा. काय असेल ते सांगा."

बाईंनी ओळ निवडली. कळ दाबली. ओळ गेली. शेवटी त्यांनी कारण लिहिलं. हात चालत होता.

बुधवारी बैठकीत त्या नेहमीप्रमाणे संगणकाशी बसून स्लाइड पुढं नेऊ लागल्या. एक, दोन, तीन. मग पडदा पांढरा झाला.

"बंद पडलं का?" भूलतज्ज्ञांनी विचारलं.

"नाही."

"मग रिकामी का?"

बाई पडद्याकडे पाहत राहिल्या. मुद्दाम ठेवलं होतं की राहून गेलं, ते त्यांना सांगता आलं नसतं. "ओळ काढली," त्या म्हणाल्या. "रेघा राहिल्या."

"कुठली ओळ?"

मोठ्या डॉक्टरांनी चष्मा पुसायला घेतला. मग मागच्या रांगेतून छोटी डॉक्टर उठली.

"मी लिहिली होती, सर. सव्वानऊ ते दीड सर्जन आले नाहीत. तीनही फोन मीच केले होते."

"पुढं घ्या," मोठे डॉक्टर म्हणाले.

बाईंनी पुढं घेतलं. शेवटची स्लाइड आली. *कारण: घरून उशिरा आणले.*

"किती उशिरा?" भूलतज्ज्ञ.

"पाऊण तास," मोठे डॉक्टर म्हणाले.

"आणि आपल्याकडं सव्वाचार." त्यांनी वही मिटली. "मी यावर सही करणार नाही. बाई, ही ओळ बदला. आत्ता, इथंच."

बाईंनी मोठ्या डॉक्टरांकडं पाहिलं. त्यांनी चष्मा लावला. "बदला," ते म्हणाले, कुणाकडंही न बघता.

बाईंनी फाइल उघडली. सगळ्यांसमोर, पडद्यावर, एकेक अक्षर उमटत गेलं. *कारण: सर्जन वेळेवर आले नाहीत.* मग पांढऱ्या जागेतही त्यांनी लिहिलं. मजकूर पाठ होता. तो रुग्ण आपला कोण होता, हे त्यांनी तेव्हाही सांगितलं नाही.

बैठक उठल्यावर सह्या झालेल्या कागदाची प्रत घेऊन त्या जिन्यात आल्या आणि त्यांनी भावजयीला फोन लावला.

"तुझ्यामुळं नाही झालं," बाई म्हणाल्या.

भावजयीनं विचारलं, "कागदावर आहे?"

"आहे. सह्या झाल्या."

"मग पोरीलाच सांगा, ताई. माझं ती ऐकून घेत नाही."

फोन हातातून हातात गेला. दार लागल्याचा आवाज आला.

"हं, आत्या."

बाईंनी हातातला कागद उलगडला आणि वेळा वाचायला सुरुवात केली.