चेंडू खांबाला लागला होता

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. चौथीनंतर शाळा सुटली. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर चुका पोटात घालाव्यात. आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही, म्हणून लिहिते आहे.

लंडनजवळ स्लाऊला आमच्या वरच्या खोलीत एक ऑस्ट्रेलियन भाडेकरू होता. सव्वीस वर्षांचा, दारातून वाकून आत येणारा. तिकडे तो पगारी फुटबॉलपटू होता, पण त्यांचा फुटबॉल वेगळाच. चेंडू लांबुळका. तो हातात घेऊन पळायचं, उंच उडी मारून झेलायचा आणि लाथेने खांबांमधून मारायचा. अठराव्या वर्षी एका मोठ्या क्लबने त्याला घेतलं, सात मोसम खेळवलं. मग गुडघा गेला, ऑपरेशन झालं आणि एक दिवस क्लबचा फोन आला की पुढच्या वर्षी यादीत तुझं नाव नाही. एवढंच.

इथे तो बांधकामावर विटा वाहायचा. संध्याकाळी माझ्या फ्रीजरमधलं मटारचं पाकीट गुडघ्यावर ठेवून जिन्यात बसायचा. त्या पाकिटावर मी फुली मारून ठेवली होती, चुकून भाजीत पडायला नको. मला इंग्रजी कळायचं, पण बोलायची वेळ आली की तोंडच उघडायचं नाही. तो बोलायचा, मी मान हलवायची.

विटांनी गुडघा पुन्हा सुजला, तेव्हा त्याने काम सोडलं. तिकडच्या एका लहान क्लबचा माणूस उन्हाळ्यात लंडनला येणार होता. त्याला गुडघा धड दिसला तर पुन्हा पगारावर खेळायला मिळणार होतं. पण महिना संपला आणि भाडं नव्हतं. आमचे हे भाड्याला कडक. एक दिवस उशीर झाला की खोली रिकामी करायला सांगायचे.

मी लॉन्ड्रीतल्या पगारातून तिकिटाला पैसे साठवत होते. कराडजवळ गावी आई थकली होती, फोनवर विचारायची, "कधी येतेस गं?" त्या पैशातले दोनशे वीस पौंड मी लिफाफ्यात घातले आणि त्याचं भाडं म्हणून यांच्या हातात ठेवले. त्याला एवढंच म्हटलं, "लेटर, लेटर," म्हणजे नंतर दे. चार महिने हेच केलं. यांना पत्ता नव्हता. उलट म्हणायचे, "बघ, असा वेळेवर भाडं देणारा माणूस मिळत नाही."

तो माणूस आला. लंडनच्या एका मैदानावर इथल्या ऑस्ट्रेलियन मुलांचा सामना ठरला. आदल्या संध्याकाळी भाडेकरू खाली आला. गोलजवळ उभा राहणारा पंच आजारी पडला होता.

"आंटी, तुम्ही उभ्या राहाल? बोलायचं काहीच नाही. मधल्या दोन खांबांमधून चेंडू गेला तर दोन बोटं, सहा गुण. खांबाला लागला तर एक बोट, एक गुण."

हे हसत सुटले. "ही? अहो, पाहुणे आले तर ही स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही!"

त्याचाच मला राग आला असावा. मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी साडीवर पंचाचा पांढरा कोट घालून मी खांबाशी उभी राहिले. खरंच कुणी काही बोलायला लावलं नाही. मी बोट दाखवलं की सगळे ऐकायचे. आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं.

शेवटच्या मिनिटाला आमचा भाडेकरू चेंडू घेऊन धावत आला. मारला. लोक ओरडले. पण मी खांबाला खेटून होते, मला टक् आवाज आला. गोल दिला तर त्यांचा संघ जिंकत होता. माझी आई डोळ्यांसमोर आली, तिकीट आलं. आणि मी एक बोट वर केलं.

"आंटी!" तो डोक्याला हात लावून ओरडला.

ते तीन गुणांनी हरले. मी कोट काढून घडी घालत बसले. वर बघायची हिंमत नव्हती. आपल्याच हाताने त्याचं आणि आपलं वाटोळं केलं, एवढंच मनात होतं.

थोड्या वेळाने तो येऊन शेजारी गवतावर बसला.

"तो क्लबचा माणूस गुण मोजायला आलाच नव्हता, आंटी. मी उडी मारून खाली कसा उतरतो, तेवढंच बघत होता. ऑक्टोबरला बोलावलंय."

मला रडू आलं. तो म्हणाला, "आणि चेंडू खांबाला लागला होता. मलाही आवाज आला."

"मग ओरडलास कशाला?" हे मी चक्क इंग्रजीत विचारलं. तो हसून आडवाच झाला.

तो गेला. मोसम सुरू झाल्यावर इथला त्याचा एक मित्र लिफाफे आणून देऊ लागला. पहिले तीन मीच घेतले. चौथ्या वेळी दार यांनी उघडलं.

"हे कसले पैसे गं?"

मी सगळं सांगून टाकलं. यांनी लिफाफा उलटसुलट करून पाहिला.

"म्हणजे चार महिने माझ्याच घराचं भाडं मला तू देत होतीस?"

"हो."

"आणि वर मी त्याची तारीफ करत होतो!" यांना हसू आवरेना. मग टेबलावर बसून त्यांनी स्वतः नोटा मोजल्या, आधीच्या तीन लिफाफ्यांत मिळवल्या आणि सगळा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला. आठशे ऐंशी पौंड. एकही कमी नव्हता.