मेले म्हणायची लाज

माझा थोरला भाऊ, आमचा अण्णा, लातूरला क्लास चालवतो. त्याच्या तोंडून आजवर एकही माणूस मेलेला नाही. त्याचे शेजारी ‘ऑफ’ होतात, मित्रांचे वडील ‘एक्सपायर’ होतात. सासरे गेले तेव्हा मात्र ते ‘पास अवे’ झाले. सासरा म्हणजे काही खोकल्याचं औषध नव्हे, एवढं त्यालाही कळलं असावं, म्हणून त्यांच्यासाठी जरा महागातला शब्द काढला.

मराठीत मरणाच्या शब्दांचा दुष्काळ आहे असंही नाही. माणूस जातो, वारतो, खपतो, नावडता असला तर गचकतो. आम्ही उदगीरचे लिंगायत, आमच्यात तो लिंगैक्य होतो. पण हे सगळं अण्णाला गावंढळ वाटतं. इंग्रजीत सांगितलं की कसं, इस्त्रीचा शर्ट चुरगळत नाही. असल्या माणसांची मला शिसारी येते, आणि त्यातला एक माझ्या पाठचा नाही, आधीचा आहे, याला माझा इलाज नाही.

अप्पा, म्हणजे आमचे वडील, नांदेडच्या दवाखान्यात होते. अव्वा, म्हणजे आई, आणि अण्णा त्यांच्याजवळ. मी शिरूर अनंतपाळला शाळेत शिकवते. एका सकाळी घरच्या ग्रुपवर अण्णाचा इंग्रजी मेसेज आला, वडील काल दुपारी ‘हेवनली अबोड’ला गेले म्हणून. आमचा कैलास सोडून यानं बापाला हेवनात धाडलं. खाली लगेच नातेवाइकांच्या ‘आरआयपी’ची रांग लागली. मला बापाचं मरण लग्नपत्रिकेसारखं मिळालं. रडू यायच्या आधी राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

मी फोन लावला. “काल दुपारी? अन् आज सांगायलास?”

“अगं, पोरीची फ्लाइट होती बेंगळुरूहून. म्हणून बॉडी कोल्ड स्टोरेजला ठेवली. आता निघायलोत अँब्युलन्सनं.”

कालपर्यंत अप्पा होते, रात्रीतून बॉडी झाले.

“अव्वा कशी हाय?”

“तिला अजून सांगितलं न्हाई. क्रिटिकल हायत म्हटलं अन् इथंच मावशीकडं पाठवलं. एकदम सांगितलं तर शॉक बसंल. असली न्यूज हळूहळू द्यायची असती.”

मी फोन ठेवला. आमच्यात माणूस गेला की अंग गरम आहे तोवर त्याला मांडी घालून, भिंतीला टेकवून बसवतात. डाव्या तळहातावर त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग ठेवतात. बसलेलाच मिरवतात आणि बसलेलाच पुरतात. अंग एकदा ताठलं की मांडी पडत नाही. अप्पांनी आजारपणात अव्वाकडून एवढं एकच कबूल करून घेतलं होतं, की मला नीट बसव, दुसऱ्या कुणावर सोडू नको. तिला ते येतं. सासू-सासरे दोघांनाही तिनंच बसवलं होतं. कुणीतरी तिला फक्त सांगायला हवं होतं की ते मेले.

मी उदगीरला पोचले तेव्हा अप्पांना ओसरीवर उतरवलं होतं, आडवे, पाय सरळ. मागोमाग दुसऱ्या गाडीतून अव्वा आली. दारातली गर्दी पाहूनच तिला कळलं. सरळ अप्पांपाशी जाऊन तिनं त्यांचा गुडघा दाबून पाहिला.

“कवा?” तिनं विचारलं.

अण्णा घसा खाकरू लागला, म्हणून मीच बोलले. “काल दुपारी मेले, अव्वा.”

“एकदम पीसफुली,” अण्णा म्हणाला. “तुला त्रास नको म्हणून...”

“मी नांदेडातच होते की रे,” अव्वा म्हणाली.

विधीसाठी आलेल्या स्वामींनी पाय वाकवून पाहिला आणि मान हलवली. “लई येळ झाला, अव्वा. झोपवूनच करू. न्हाईतर गुडघे मोडावे लागतील.”

“बसवूनच करायचं,” अव्वा म्हणाली. मग ती अण्णाकडं वळली. “तोंडानं मेले म्हनवलं न्हाई तुला. आता हातानं मोड.”

अण्णाला नेमका तेव्हाच कुणाचा तरी फोन आला. कानाला लावून तो अंगणात गेला आणि तिथं कुणाला तरी ‘सडन डिमाइज’ समजावून सांगू लागला. ओसरीपर्यंत ऐकू येत होतं.

मामानं एक गुडघा धरला, दुसरा मी. अव्वा भिंतीला टेकून अप्पांच्या मागं बसली, त्यांचं डोकं आपल्या छातीशी घेतलं आणि दोन्ही हातांनी त्यांचे कान झाकले.