पहिल्या भागाचा शेवट

त्या मालिकेच्या पहिल्या भागाचा शेवट आमच्या इमारतीतल्या मुलांनी टीव्हीवर पाहिलाच नाही. तो त्यांना दत्ताराम कदमांनी करून दाखवला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कळव्याला आमची तीन मजली इमारत होती आणि पहिल्या मजल्यावर समोरासमोर दोन बिऱ्हाडं, एक आमचं आणि एक कदमांचं. मी तेव्हा ठाण्याला कॉलेजात जात होते. दत्तारामकाका कोलशेतच्या एका रसायनांच्या कारखान्यात पाळीने कामाला होते. रुंद खांद्यांचा, जिन्यात समोरून आला तर आपल्याला भिंतीला टेकून वाट द्यावी लागेल असा माणूस. मूळचे राजापूरकडचे. घरात शुभाकाकू आणि लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी झालेली एकुलती एक मुलगी, प्राची. ती पहिलीत होती.

संकटात सापडलेल्या मुलांसाठी उडत येणाऱ्या माणसाची ती मालिका येणार, येणार अशी जाहिरात किती तरी दिवस चालू होती. एका रविवारी दुपारी ती सुरू झाली. इमारतीतला सगळ्यात मोठा टीव्ही कदमांचा, त्यामुळे झाडून सगळी मुलं तिथे जमली. मीही गेले होते. काकांची त्या आठवड्यात रात्रपाळी होती, डोळे तांबारलेले होते, तरी ते मुलांच्या मधोमध मांडी घालून बसले होते. खालच्या मजल्यावरचे एक निवृत्त मुख्याध्यापक दारातूनच म्हणाले, की पोरांची डोकी बिघडवायचे हे धंदे आहेत. काकांनी मान वळवून त्यांना आदराने सांगितलं, "सर, लहानपणी डोकं थोडं बिघडलेलं बरं असतं. मोठेपणी वेळ मिळत नाय."

भाग तसा रटाळच होता. तो उडणारा माणूस बराच वेळ साध्या कपड्यांत हिंडत राहिला आणि मुलं चुळबुळ करायला लागली. मग एकदाचा तो प्रसंग आला. पुलाच्या कठड्याला एक मुलगी लोंबकळते आहे, तिची बोटं सुटताहेत, ती त्याच्या नावाने हाक मारते आणि त्याच क्षणी आमच्याकडची लाईट गेली.

मुलांनी जो आकांत केला तो मला अजून ऐकू येतो. तळमजल्यावरचा एक छोटा तर रडायलाच लागला, ती मुलगी पडली म्हणून. काका उठले. पलंगावरची चादर ओढून त्यांनी गळ्याला बांधली आणि म्हणाले, "लाईट गेली म्हणून तो यायचा थांबतो काय?" त्यांनी प्राचीला उचलून लोखंडी कपाटावर बसवलं. तू ती पुलावरची पोर, हाक मार, म्हणून सांगितलं. प्राचीने त्या मालिकेतल्या माणसाचं नाव घ्यायचं होतं. तिने हाक मारली, "बाबा!" सगळे हसले. काकांनी दोन्ही हात वर केले आणि तिने बेधडक उडी टाकली. नंतर सगळ्या मुलांना कपाटावरून उडी मारायची होती. शुभाकाकू कपाट कलंडेल म्हणून ओरडत राहिल्या आणि लाईट आली तेव्हा टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी शाळेत इतर मुलांनी खरा शेवट सांगितला. तो माणूस म्हणे हवेतून येतो आणि मुलीला एका हाताने उचलतो. आमच्या मुलांना तो पटला नाही. दोन हात लागतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

काकांचा स्वभावच असा. कोणाचंही काही अडलं, की ते "मी आहे ना" म्हणत उठायचे. माझ्या वडिलांच्या छातीत कळ आली तेव्हा रिक्षा इमारतीपर्यंत येईना, कारण रस्ता खणून ठेवला होता. काकांनी वडिलांना पाठीवर घेतलं आणि चिखलातून मुख्य रस्त्यापर्यंत नेलं. आई मागून छत्री धरून धावत होती आणि रडत होती. ते तिला सांगत होते, "वहिनी, पायाखाली बघा. यांना मी बघतो." वडील त्यानंतर बरीच वर्षं जगले. कधी आभार मानायला गेलं, की काका म्हणायचे, "ते हलके होते हो, म्हणून जमलं." ते बोलायचे ते असं, काही विशेष घडलंच नाही अशा सुरात.

मालिका चालू राहिली आणि काकांचा खेळही. कपाटावरून तो जिन्यात आला. मुलं वरच्या पायऱ्यांवरून हाक मारायची, काका खाली उभे राहायचे. त्याचे नियम त्यांनीच ठरवले होते आणि ते मोठ्या गंभीरपणे बजावायचे: दोन्ही हात वर दिसले तरच उडी टाकायची, नाहीतर तिथेच थांबायचं. एकही मूल कधी पडलं नाही. शुभाकाकूंना तो खेळ आवडायचा नाही. त्या म्हणायच्या, लागलं कोणाला तर लोक आपल्याला बोलतील. यावर काकांचं उत्तर ठरलेलं होतं, "मी आहे ना."

थंडीचे दिवस होते. काकांची पहिली पाळी होती, दुपारी ते घरी यायचे. त्या दुपारी शुभाकाकू वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेल्या होत्या आणि प्राची त्यांच्या मागे. आमच्या गच्चीचा कठडा तेव्हा माझ्या कमरेलाही लागत नव्हता आणि त्याच्या कडेला बांधकामातल्या उरलेल्या विटा रचून ठेवलेल्या होत्या. मी आमच्या गॅलरीत उभी होते. काका डब्याची पिशवी घेऊन फाटकातून आत येताना मला दिसले. तेवढ्यात वरून हाक आली, "बाबा!"

काकांनी वर पाहिलं. प्राची कठड्यावर उभी होती. त्यांनी पिशवी टाकली आणि दोन्ही हात वर केले. मागे हो, म्हणून केले. मला ते स्पष्ट दिसत होतं. त्यांचे पंजे पुढे होते, माणूस समोरच्याला थांबवताना धरतो तसे. पण वरून पाहणाऱ्या मुलीला ते फक्त वर केलेले दोन हात होते.

ते धावले. आणि पोचलेही. त्यांचा डावा हात मोडला, म्हणजे ती त्यांच्या हातांवरच आली होती. पण गच्चीवरून येणारं वजन हातांत राहत नाही. माझ्या वडिलांनी रिक्षा थांबवली, काकांनी तिला मांडीवर घेतलं. मोडलेल्या हातानेच घेतलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. संध्याकाळ व्हायच्या आत प्राची गेली.

त्या दिवसांत अशा गोष्टी सगळीकडून कानावर येत होत्या. अमक्या गावात एका मुलाने पेटवून घेतलं, तमक्या शहरात एकाने उडी मारली, तो उडणारा माणूस वाचवायला येईल म्हणून. त्यातल्या खऱ्या किती, कोणास ठाऊक. आमच्या इमारतीतले लोकही हळूहळू बोलायला लागले, की पोरीने पडताना त्याचंच नाव घेतलं होतं. दिवसकार्य झाल्यावर भागातले एक कार्यकर्ते आले. सोबत वर्तमानपत्राचा माणूस होता. मालिका बंद करण्यासाठी मोर्चा निघणार होता, त्यात मुलीच्या वडिलांनी पुढे असावं, दोन शब्द बोलावेत, असं त्यांचं म्हणणं होतं. चांगल्या मनाने आले होते ते. शुभाकाकू आतल्या दारात उभ्या होत्या, माझी आई त्यांना धरून होती, मी चहा घेऊन आले होते.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तिने त्याला हाक नाय मारली. मला मारली."

कार्यकर्त्याने समजावलं, की तसं असलं तरी हे वेड त्या मालिकेमुळेच आलं. काका म्हणाले, "मालिकेतला माणूस एका हाताने धरतो. तिला दोन हातांचं मी शिकवलं. मी हात वर केले आणि तिने उडी मारली. हे छापायचं तर छापा." वर्तमानपत्राच्या माणसाने पेन बंद केलं. ते दोघे चहा न घेताच उठले.

ते गेल्यावर शुभाकाकू पहिल्यांदा बोलल्या. आवाज चढवला नाही त्यांनी.

"सगळं जग त्याला दोष देतंय. तुम्ही तेवढंही मला करू देत नाही. मग मी कोणाला दोष देऊ? तुम्हाला?"

"मला दे," काका म्हणाले.

आणि काकूंनी तो दिला. त्या दिवसापासून त्या नवऱ्याशी बोलेनाशा झाल्या. जेवण करायच्या, डबा भरायच्या, आजारपणात उशाशी बसायच्या, पण शब्द नाही. मी त्यांच्याकडे असले, की माझ्यामार्फत बोलायच्या. "बाय, त्यांना सांग, भात निवतोय." काका तिथेच, हाताच्या अंतरावर बसलेले असायचे. तेही मलाच सांगायचे, "बाय, तिला सांग, बसतोच आहे." बाहेरच्या कोणी ऐकलं असतं तर तो हसला असता. मला त्या घरातून उठून यावंसं वाटायचं आणि मी उठू शकायचे नाही.

हाताचं प्लास्टर निघाल्याबरोबर काकांनी गच्चीचा कठडा वाढवायला घेतला. सोसायटीची माणसं बैठकीत बघू, ठरवू म्हणत होती, यांनी विचारलंच नाही. सुट्टीच्या दिवशी त्याच विटा, त्याच हातांनी. डावा हात पुरता वर जात नसे, मग वीट उजव्या हाताने उचलून डाव्यावर टेकवायचे आणि चढवायचे. त्यांच्या खांद्याइतका कठडा झाला तेव्हा थांबले. बायका कुरकुरल्या, की आता गच्चीवरून खाडीचा वारा लागत नाही. काकांनी ऐकलं आणि गिलावा चालू ठेवला.

मुलांना त्यांनी पुन्हा कधी उचललं नाही. तळमजल्यावरचा तो छोटा, पहिल्या भागाच्या वेळी रडलेला, एकदा जिन्यात त्यांच्याकडे हात पसरून धावला, तर त्याच्या आईने त्याला दंडाला धरून मागे ओढलं. मग तिलाच ओशाळल्यासारखं झालं. काका तिला म्हणाले, "बरोबर केलंस." आणि भिंतीला टेकून त्यांनी त्या दोघांना वाट दिली. एवढा मोठा माणूस त्या दिवशी मला जिन्यात मावलेला दिसला.

मला राग यायचा त्यांचा. असं कशाला सांगायचं खरं? लोक म्हणत होते, तेच म्हणू दिलं असतं, तर बायको तरी बोलती राहिली असती. एकदा मी हे त्यांना बोलूनही दाखवलं. ते गॅलरीत हात चोळत उभे होते. म्हणाले, "बाय, माझ्या पोरीला लोक वेडी म्हणत होते. टीव्ही बघून उडी मारली म्हणत होते. ती वेडी नव्हती. तिने ओळखीच्या माणसाकडे उडी मारली होती."

पुढे कोलशेतचा तो कारखाना बंद पडला. काका काही दिवस नौपाड्यात एका दवाखान्याच्या दारावर वॉचमन म्हणून बसले, पण त्यांचं मन लागेना. शेवटी दोघांनी गावी जायचं ठरवलं. गावी गेल्यावर काही वर्षांनी तिथेच ते वारले. झोपेत गेले, असं शुभाकाकूंनी फोनवर कळवलं. त्यांच्या तेराव्याला मी गेले नाही. मला त्यांचं जे शेवटचं बघायचं होतं, ते मी कळव्यालाच, ते निघाले त्या दिवशी बघून घेतलं होतं.

तोवर माझं लग्न होऊन मी डोंबिवलीला राहायला गेले होते. सामान बांधायला मदत करावी म्हणून सकाळीच आले. घर जवळजवळ रिकामं झालं होतं. काका दोरीने गादी आवळत होते, मी भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होते आणि शुभाकाकू जमिनीवर बसून प्राचीचे कपडे घडी करत होत्या. इतकी वर्षं ते त्या कपाटातच होते. एक फ्रॉक त्यांनी घडी केला, पुन्हा उलगडला, आणि मान वर न करता म्हणाल्या,

"घाबरली होती का ती?"

मला वाटलं, मला विचारताहेत. मी काही बोलणार, तेवढ्यात लक्षात आलं, की त्यांनी "बाय, त्यांना विचार" म्हटलेलं नाही. काकांचे हात दोरीवर थांबले.

"नाय," ते म्हणाले. "हसत होती. माझ्या हातांपर्यंत येईस्तो हसत होती. मी तोंड बघितलं तिचं."

काकूंनी तो फ्रॉक मांडीवर पसरला. खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मी उठून जायला हवं होतं, पण दारात त्यांची ट्रंक आडवी होती.

"हे मला इतकी वर्षं सांगितलं नाही तुम्ही."

"सांगितलं असतं, तर तू मला माफ केलं असतंस."

काकूंनी फ्रॉक घडी करून बोचक्यात ठेवला, बोचक्याला गाठ मारली आणि पहिल्यांदाच नवऱ्याकडे नीट पाहिलं.

"ते मी ठरवलं असतं," त्या म्हणाल्या.