नेत्रा नावं वाचून दाखवते

माझ्या चुलत सासऱ्यांच्या दहाव्याला माजघरात त्यांच्या दोन मुलांचं वाजलं होतं. मी दाराआड खोबरं किसत होते, सगळं ऐकलं. पेपरात छापून आलं होतं, 'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे.' मुलगे होते तीन.

"दोन कसे? मी काय त्यांच्या आधी मेलो?" धाकटा ओरडत होता.

"पेपर काय मी छापतो?"

"नावं तूच सांगितलीस न्हाय?"

पुढची अकरा वर्षं दोघे एकमेकांच्या गणपतीला गेले नाहीत. एका ओळीपायी.

म्हणून माझी नात नेत्रा आमच्या बोर्ली गावाची वार्ताहर झाली तेव्हा मी तिला एवढंच म्हटलं, "बाय, रस्त्यातले खड्डे मोजताना चुकलीस तर चुकलीस, मेलेल्याच्या घरची माणसं नीट मोज." कधी नव्हे ते तिनं ऐकलं. कुणी गेलं की ती त्या घरी जाते, वहीत नावं लिहिते आणि पडवीत उभी राहून सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचते. कुणाची हरकत नाही असं बघूनच अलिबागच्या पेपरला पाठवते. छापून आलं की कात्रण कापून त्या घरी नेऊन देते. या सगळ्याचं पेपरवाले देतात काय, तर ओळखपत्र. गळ्यात घालायला.

तीन वर्षं असं चाललं. मग तिचा बाप, म्हणजे माझा हितेश, म्हणाला, "या महिनाअखेर पगाराची नोकरी मिळाली तर ठीक, न्हायतर उरणला केतनच्या ट्रकच्या ऑफिसात बस." केतन तिचा मामेभाऊ. नेत्रा दोन दिवस अंगणात येरझाऱ्या घालत होती.

तेवढ्यात त्याच पेपरात जागा निघाल्या. तिनं मला एकेक समजावून सांगितलं. बातमीदार गावभर फिरून बातमी आणतो. उपसंपादक कचेरीत बसून ती कापतो. जाहिरातवाला पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती गोळा करतो. आणि पेपरच्या मोबाईलवरच्या चॅनेलसाठी एकजण माईक धरून उभा राहतो.

"म्हणजे एक मासळी आणतो, एक साफ करतो, एक विकतो, एक तिच्याबरोबर फोटो काढतो. कालवण कोण करतो?"

"आजी, तू ना!"

"बरं, तुला काय व्हायचंय?"

"बातमीदार. मला बसून राहणं जमणार न्हाय."

हे मात्र खरं. पोरीला धड बसून भाकरी खायलाही जमत नाही.

सोमवारी अकराला अलिबागला मुलाखत. सकाळी दिघीची बोट गाठायची, खाडीपलीकडे आगरदांड्याला उतरून एसटी. मी आठवडाभर बोटीची वेळ घोकत होते. आणि रविवारी संध्याकाळी खालच्या वाडीतला बाळाजी गेला.

"जाताजाता नावं घेते, पाच मिनिटं," नेत्रा म्हणाली. तिची पाच मिनिटं मला ठाऊक आहेत. म्हणून सोमवारी मीही रिक्षात बसले, तिला ओढून बाहेर काढायला.

पडवीत तिनं वाचलं. पत्नी सोनूबाई, मुलगा मोरू, सून, दोन नातू. आतून सोनूबाईचा आवाज आला, "माझी दुर्गा कुठाय?"

दुर्गानं घरच्यांना न विचारता लग्न केलं होतं. सात वर्षं त्या घरात तिचं नाव कुणी काढलं नव्हतं.

"ती आमची कुणी न्हाय," मोरू म्हणाला. "हाय तसं पाठव."

बाहेर रिक्षावाला हॉर्न दाबत होता. मी नेत्राचा दंड धरला. "चल बाय, बोट जाईल."

"सोड आजी. मोरूकाका, तुमच्या आईनं नाव घेतलंय. मी अर्धी बातमी पाठवणार न्हाय."

आणि बसली! जिला बसणं जमत नाही ती भिंतीला टेकून मांडी घालून बसली. दीड तास. मोरू चिडला, मग रडला, मग तोंड धुऊन आला आणि म्हणाला, "लिही. पण माझ्या खाली लिही."

बोट केव्हाच गेली होती. दिघीपर्यंत मी रिक्षावाल्याला आणि नेत्राला, दोघांनाही तोंडाला येईल ते बोलले. दोघांनीही ऐकून घेतलं.

ती दोन वाजता पोचली. बातमीदाराची जागा एका मोटरसायकलवाल्याला देऊन झाली होती. उशीर का झाला, साहेबांनी विचारलं, हिनं सांगून टाकलं. ते म्हणाले म्हणे, "निधनवार्तांवरून आम्हाला रोज भांडणाचे फोन येतात. बोर्लीहून तीन वर्षांत एक नाही." आणि तिला उपसंपादक केलं. अख्ख्या जिल्ह्याच्या निधनवार्ता तिच्याकडे. पगार, खुर्ची, डोक्यावर पंखा.

हितेशनं पेढे आणले. नेत्रा फणफणत होती. "मला फिरायचं होतं गं, आणि मला बसवलं!"

"मोरूच्या पडवीत दीड तास बसलीस तेव्हा न्हाय वाटलं? आणि आता नावं कुठं वाचशील? कचेरीला पडवी हाय का?"

"फोन हाय. घरोघर फोन करून वाचून दाखवीन."

करील. कोण अडवणार तिला?

निघायच्या दिवशी पुन्हा सकाळची बोट, तीच रिक्षा, तोच हॉर्न. आणि बाईसाहेब पुन्हा खालच्या वाडीत उतरल्या. बाळाजीच्या बातमीचं कात्रण द्यायचं राहिलं होतं. सोनूबाईला वाचता येत नाही, म्हणून उभ्या उभ्या वाचून दाखवलं. 'पत्नी, मुलगा मोरू, मुलगी दुर्गा, सून, दोन नातू...'

"परत वाच," सोनूबाई म्हणाली.

नेत्रानं पहिल्या ओळीपासून परत वाचलं, कात्रणाची घडी घालून तिच्या हातात दिली, आणि चपला अडकवून रिक्षाकडे आली.