गाठ दाखवायला गोंदियाला

जांघेत अगदी आत, जिथं बाई स्वतःही कधी नीट बघत नाही, तिथं एक दिवस न्हाताना हाताला वाटाण्याएवढी गाठ लागली. स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. मी सव्वीस वर्षांची, अन् नवरा जाऊन चार वर्षं झालेली. मेल्या गाठीला दुसरी जागाच सापडली नाही. कपाळावर आली असती तर साऱ्या केशोरी गावाला दाखवून आले असते. पण विधवेला तिथं काही झालं की गाव रोगाचं नाव विचारत नाही, माणसाचं विचारतं.

सांगू कोणाला? आई नव्हती. सासू वाईट नव्हती, पण तिच्या पोटात काही राहत नसे. मग मीच वैद्य झाले. आमच्याकडे काटा रुतो की गुडघा धरो, बिबा लावायचा. बिबा सुईला टोचून दिव्यावर धरला अन् त्याचं तेल गाठीवर लावलं. नाजूक जागा ती, दोन दिवसांत बिबा उतला. फोड आले, पाणी सुटलं, लुगडं घासलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची. अन् नेमके रोवणीचे दिवस. शेजारी धान रोवणारी म्हणाली, "काऊन व, अशी फेंगडी काऊन चालून राहिली?" मी म्हटलं, "काटा रुतला." बाया हसल्या, त्यांच्याबरोबर मीही हसले.

आता आपण सडून मरणार, अशी माझी खात्रीच झाली. मावसबहिणीकडे जाते असं खोटं सांगून मी निघाले. अर्जुनीपर्यंत बैलगाडी, पुढं छोट्या लाइनची गाडी. बसवत नव्हतं, गोंदियापर्यंत उभीच गेले.

तिथली डॉक्टरीण हिंदीच बोलायची. "साथ में कौन आया है?"

"कोणी नाही जी."

तिनं तपासलं. "ये क्या लगाया?" मी बिबा म्हटलं तशी तिनं कपाळावर हात मारला. गाठ म्हणे चामडीखालची, साधी. न दुखणारी, न वाढणारी. "कोई बुरी बीमारी नहीं है. आग तो तुमने अपने हाथ से लगाई." अन् तिनं जखम धुऊन मलम लावलं, हळूहळू, फुंकर घालत. मला रडू कोसळलं. जीव वाचला म्हणून थोडं, पण चार वर्षांत इतक्या जपून कोणी हात लावला नव्हता, म्हणून जास्त.

निघताना मी म्हटलं, "बाई, वाईट रोग नाही म्हणून लिहून द्या."

"किसको दिखाओगी?"

सासू, जाऊ, मावसबहीण, एकेकीचं तोंड डोळ्यांपुढं आणून पाहिलं.

"कोणालेच नाही," मी म्हणाले. "तरी द्या."

तिनं चिठ्ठी लिहून दिली, खाली सहीही केली. मला तेव्हा वाचता येत नव्हतं, अन् एवढं वाचून दाखव असं जिला म्हणावं, अशी एकही बाई माझ्या ओळखीत नव्हती.